सीपॅप मशीन माळ्यावर जाऊ नये म्हणून: स्लीप अ‍ॅप्नियावाल्यांसाठी मुंबईतलं मार्गदर्शन

डॉक्टरांनी स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडण्याचा आजार) सांगितलाय, सीपॅप (मास्कमधून हवेचा दाब देणारं मशीन) लावा म्हणालेत, आणि घरातले सगळे "आता रोज रात्री हे नाकाला लावून झोपायचं?" म्हणून तोंडाकडे बघतायत, अशा माणसासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. मुलुंडला राहतो, मशीन वापरतो, आणि नातेवाईक, ऑफिसवाले, सोसायटीतले काका अशा बऱ्याच जणांची मशीनं मार्गी लावून दिलीयेत. त्यातून एक गोष्ट पक्की कळलीये, लोक मशीन सोडतात ते आजार बरा झाला म्हणून नाही, तर मास्क टोचतो, हवा डोळ्यात जाते, नळीत पाणी गुडगुडतं असल्या बारीकसारीक कटकटींना वैतागून सोडतात. जवळजवळ प्रत्येक कटकटीला उपाय असतो. तो पहिल्या महिन्यात सापडला तर ठीक, नाहीतर चाळीस-पन्नास हजारांची वस्तू पिशवीत घालून माळ्यावर जाते.

आजार आहे की नाही, ते आधी

घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय, हे आपल्या घराघरात मुरलेलं आहे. प्रत्यक्षात काय होतं तर झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि टाळूचा मागचा मऊ भाग मागे पडतो आणि श्वासाची वाट बुजते. छाती हलत असते पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरायला लागला की मेंदू माणसाला अर्धवट जागं करतो, तो मोठ्यांदा श्वास ओढतो आणि परत झोपतो, सकाळी यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. श्वास किमान १० सेकंद अडला तर तो मोजतात, आणि पूर्ण अडणं अधिक अर्धवट अडणं मिळून तासाला किती वेळा झालं तो आकडा म्हणजे एएचआय. ५ च्या आत नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तीव्र म्हणजे सरासरी दर दोन मिनिटांनी एकदा, रात्रभर.

बायको जर म्हणत असेल की "अहो, तुम्ही घोरता त्याचं काही नाही, मधेच आवाज बंद होतो ना तेव्हा मी उठून बघते श्वास चालू आहे का", तर ती तुमची सगळ्यात भरवशाची साक्षीदार आहे. डॉक्टरकडे जाताना तिला घेऊन जा, नाहीतर तिला मोबाईलवर रेकॉर्डिंग करायला सांगा. बाकीची लक्षणं म्हणजे सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं (लोक हे शुगर नाहीतर प्रोस्टेटवर ढकलतात), गोळ्या वाढवूनही न उतरणारं बीपी, चिडचिड. लोकलमध्ये झोप लागणं हे मात्र मुंबईत लक्षण धरू नका, पहाटेची गाडी पकडणारा कुणीही विंडो सीटवर झोपेल. पण सुट्टीच्या दिवशी पोटभर झोपूनही दुपारी बसल्या जागी डोळे मिटत असतील किंवा सिग्नलला गाडी थांबली की डुलकी येत असेल तर ते वेगळं. असं होत असेल तर टेस्ट होऊन उपचार सुरू होईपर्यंत एक्सप्रेसवेला स्वतः गाडी चालवू नका, हे मी हात जोडून सांगतो.

जाड माणसालाच होतो असंही नाही. जबडा लहान किंवा मागे असेल तर सडपातळ माणसालाही होतो. बायकांमध्ये पाळी गेल्यानंतर प्रमाण वाढतं आणि त्यांची तक्रार बऱ्याचदा घोरण्याची नसतेच, झोप नीट लागत नाही, दिवसभर थकवा, डोकं दुखतं अशी असते, म्हणून त्यांना थायरॉइड, टेन्शन असं सांगून घरी पाठवलं जातं. शर्टाची कॉलर बघा, मान ४० सेंटीमीटरच्या वर, वय ५० च्या वर, बीपी, पुरुष, जोरात घोरणं, दिवसा पेंग, यातलं तीन-चार जुळलं की छातीच्या डॉक्टरकडे नाहीतर ईएनटीकडे जा. खाजगीत परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर अशा पालिकेच्या हॉस्पिटलात छातीच्या आजारांच्या ओपीडीत चौकशी करा, वेळ लागेल पण खर्चात फरक पडतो.

टेस्टची रात्र

स्लीप स्टडी दोन प्रकारे होते. एक लॅबमध्ये, डोक्याला, छातीला, पायाला वायरी लावून, ज्यात मेंदूच्या लहरी पण बघतात. दुसरी घरच्या घरी, बोटाला ऑक्सिमीटर, नाकाशी नळी, छातीला पट्टा. साध्या सरळ केसमध्ये घरची चालते, पण हार्टचा, फुप्फुसाचा मोठा आजार असेल किंवा शंका वेगळीच असेल तर डॉक्टर लॅबची सांगतात, तिथे पैसे वाचवायला जाऊ नका.

त्या दिवशी डोक्याला तेल लावू नका, वायरी चिकटत नाहीत. दुपारी झोपू नका. रोज घेत नसाल तर त्या रात्री दारू किंवा झोपेची गोळी घेऊ नका, रिपोर्ट बदलतो. रिपोर्ट आला की फक्त एएचआय बघून थांबू नका, सगळ्यात कमी ऑक्सिजन कितीवर गेला आणि उताणं झोपल्यावरचा आकडा कुशीवरच्यापेक्षा किती जास्त आहे हे दोन्ही डॉक्टरांना विचारा. काही लोकांचा सगळा खेळ उताण्या झोपेतच असतो.

मशीन घेताना

सीपॅप म्हणजे हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारी मोटर, यात औषध नाही, ऑक्सिजनही नाही. साध्या मशीनमध्ये डॉक्टरांनी ठरवलेलं एकच प्रेशर असतं, ऑटोमध्ये ते ४ ते २० च्या दरम्यान (हे दाबाचे आकडे, सेंटीमीटर पाण्यात मोजतात) गरजेप्रमाणे आपलं आपण कमीजास्त होतं, आणि बायपॅप श्वास घेताना जास्त व सोडताना कमी प्रेशर देतं, ते वेगळ्या पेशंटसाठी असतं. दुकानदार म्हणतो म्हणून बायपॅप घेऊ नका आणि स्वस्त मिळतंय म्हणूनही घेऊ नका.

ह्युमिडिफायरसकट (म्हणजे हवा ओली करणारा पाण्याचा डबा) चांगलं ऑटो मशीन चाळीस हजारांच्या आगेमागे सुरू होतं आणि तिथून वर जातं. घेण्याआधी भाड्याने मिळतं का बघा, मुंबईत देणारे आहेत. विचारायचे प्रश्न असे, रोजचा डेटा स्क्रीनवर किंवा अ‍ॅपवर दिसतो का, मास्क बसला नाही तर पहिल्या काही दिवसांत बदलून देणार का, सर्व्हिसला मशीन गेलं तर तेवढ्या दिवसांसाठी दुसरं देणार का. मास्क बदलून देण्याचं बिलावर लिहून घ्या. आमच्या एका नातेवाइकांना दुकानदाराने मोजमाप न घेता सगळ्यात मोठा मास्क दिला आणि नंतर "उघडलेला माल परत घेत नाही" म्हणून हात वर केले. सेकंडहँड घेत असाल तर मॉडेल तपासा, फिलिप्सने २०२१ मध्ये आतला फोम झिजून सुटत असल्यामुळे आपली बरीच मशीनं परत मागवली होती, त्यातलं एखादं गळ्यात पडायला नको.

इन्शुरन्सचं म्हणाल तर बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींमध्ये हे मशीन पैसे न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत असतं. केंद्र सरकारी नोकरी किंवा पेन्शन असेल तर सीजीएचएस या त्यांच्या आरोग्य योजनेतून मिळू शकतं, पण आधी मंजुरी, मग खरेदी, उलटं केलंत तर फाईल फिरत राहते.

मास्क, इथे वेळ घाला

माझं स्पष्ट मत आहे, मशीन थोडं साधं चालेल पण मास्क तडजोडीचा नको. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी सीपॅप शोधलं, १९८१ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आलं, आणि त्या पहिल्या पेशंट लोकांना मास्क रोज चेहऱ्याला चिकटवावा लागायचा. आपल्याला निदान तीन प्रकारांतून निवडता येतं. नाकपुड्यांना टेकणाऱ्या छोट्या उशा, फक्त नाक झाकणारा, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस. नाकाने श्वास घेता येत असेल तर नाकाच्या मास्कपासूनच सुरुवात करा. फुल फेस मोठा, त्याची कड लांब, त्यामुळे हवा निसटायला जागा जास्त. जाड मिशी असेल तर नाकपुडीवाला बरा बसतो, दाढी असेल तर फुल फेसशी रोज झगडा.

बसवायची पद्धत अशी. दुकानात खुर्चीवर बसून मास्क लावला आणि छान बसला, याला काही अर्थ नाही, आडवं झालं की गाल खाली ओघळतात आणि चेहऱ्याचा आकारच बदलतो. म्हणून आडवे व्हा, मशीन चालू करा, पट्टे आधी ढिले सोडा. मास्क हाताने चेहऱ्यापासून किंचित पुढे ओढा म्हणजे कडेच्या सिलिकॉनमध्ये हवा भरेल, मग अलगद सोडा, मग खालचे दोन पट्टे आणि नंतर वरचे, दोन्ही बाजूंचे एकदम, हवा निसटायची थांबेल इतपतच ओढा. मग कुशीवर वळा, दुसऱ्या कुशीवर वळा, फुसफुस आली तर आवळायच्या आधी परत एकदा पुढे ओढून सोडून बघा. बहुतेक जण इथे पट्टे आवळत सुटतात आणि सिलिकॉन चेपलं गेलं की लीक उलट वाढतो, शिवाय नाकावर लाल वळ येतो तो वेगळाच. पट्ट्याखाली एक बोट सहज जायला पाहिजे. मास्कच्या पुढे बारीक भोकांतून हवा सतत बाहेर पडत असते ती पडायलाच हवी, तिथून तुमचा सोडलेला श्वास बाहेर जातो, त्यावर कधीही चिकटपट्टी लावू नका.

झोपण्याआधी चेहरा साबणाने धुवा. रात्री तोंडाला क्रीम किंवा खोबरेल चोपडायची सवय असेल तर ती सकाळवर ढकला, तेलाने मास्क घसरतोही आणि सिलिकॉनची वाटही लागते. डोळे सकाळी कोरडे, लाल असतील तर नाकाच्या वरच्या बाजूने हवा निसटतेय. तोंड कोरडं ठणठणीत असेल तर तोंड उघडं पडतंय, आधी नाक चोंदलंय का बघा, मिठाच्या पाण्याने नाक धुणं किंवा डॉक्टरांनी दिलेला स्प्रे, त्याने भागलं नाही तर हनुवटीचा पट्टा, आणि तेही नाही जमलं तर मग फुल फेस. काही मास्कच्या क्लिपमध्ये लोहचुंबक असतात, तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असेल तर चुंबकवाला मास्क घेऊच नका.

पहिले दोन आठवडे

पहिल्याच रात्री आठ तास लावून झोपायचा हट्ट नको. संध्याकाळी टीव्ही बघताना मास्क नुसता हातात धरून नाकाशी लावा, मग पट्टे लावून, मग मशीन चालू करून. गुदमरल्यासारखं वाटतं ते बहुतेक वेळा प्रेशर जास्त म्हणून नाही, सुरुवातीचं प्रेशर ४ इतकं कमी असल्यामुळे हवा अपुरी वाटते म्हणून, डॉक्टरांना विचारून ते ५-६ करून घेतलं की बऱ्याच लोकांची कुरकूर थांबते. उलट श्वास सोडताना जड जात असेल तर सोडताना प्रेशर उतरवणारं सेटिंग असतं, आणि झोप लागेपर्यंत हळूहळू प्रेशर वाढवणारा रॅम्प असतो, ही दोन्ही विक्रेत्याच्या माणसाकडून स्वतःसमोर लावून घ्या. पोट फुगणं, ढेकर येणं हे हवा गिळल्यामुळे होतं, ते डॉक्टरांना सांगा, प्रेशर बघावं लागतं.

लोक म्हणतात रोज चार तास लावलं की पुरे. तो आकडा अमेरिकेतल्या विम्यावाल्यांचा, मशीनचे पैसे चालू ठेवायचे की नाही ते ठरवायला लावलेला. पहाटेची झोप बहुतेक स्वप्नांची असते आणि त्याच झोपेत स्नायू सगळ्यात सैल पडून श्वास जास्त अडतो, म्हणजे तीन वाजता बाथरूमला उठून मास्क परत न लावणारा माणूस नेमक्या वाईट वेळेला उघडा पडतो. परत लावा, कंटाळा आला तरी. दुपारी वामकुक्षी घेत असाल तर तेव्हापण.

आपल्या घरात, आपल्या हवेत

परदेशी माहितीत बेडशेजारचं टेबल गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडे वन रूम किचनमध्ये चार माणसं, कुणी गादी खाली घालतंय, कुणी दिवाणावर. नियम एकच, मशीन डोक्याच्या पातळीपेक्षा वर ठेवायचं नाही, नाहीतर नळीत जमलेलं पाणी उतरून थेट नाकाशी येतं. खाली झोपत असाल तर गादी जाड घ्या आणि मशीन जमिनीवर, पण फडक्यावर नको, हवा ओढायची जागा झाकली जाते. नळी उशीच्या वरून, डोक्यामागून आणा, मच्छरदाणी असेल तर तिच्या कोपऱ्यातून, कूस बदलताना ओढ बसत नाही. गुडनाइटची कॉइल, धूप, अगरबत्ती मशीनजवळ नको, खोलीत जे असेल तेच ते ओढून तुमच्या फुप्फुसात घालतं. झुरळं आणि मुंग्यांसाठी सकाळी नळीची तोंडं झाकून ठेवा, हसू नका, मी नळीतून झुरळ बाहेर पडताना बघितलंय.

ह्युमिडिफायरचं मुंबईत वेगळं गणित. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा सेटिंग एकवर आणा किंवा बंद ठेवा. पण एसी लावून झोपत असाल तर खोली थंड, नळीतली हवा गरम ओली, मग आत थेंब धरतात आणि रात्री तीनला कानाशी हुक्का ओढल्यासारखी गुडगुड सुरू होते. एसी २४-२५ ला ठेवा, ह्युमिडिफायर एक पायरी उतरवा, नळीला कापडी कव्हर शिवून घ्या (जुन्या पायजम्याचा पाय पुरतो) किंवा नळी चादरीच्या आतून घ्या, तरी राहिलं तर गरम होणारी नळी मिळते ती घ्या. पाणी डिस्टिल्ड वापरा, मेडिकलवाला आणून देतो. नळाचं पाणी उकळून घातलं तरी क्षार तळाला बसतात, एखाद्या रात्री नाइलाजाने चालेल. उरलेलं पाणी रोज सकाळी ओतून टाका, वर नवीन ओतत बसू नका, पावसाळ्यात बुरशी यायला वेळ लागत नाही.

सफाईत फार डोकं घालवायचं नाही. मास्कची गादी रोज ओल्या कपड्याने पुसा, आठवड्यातून एकदा मास्क, नळी, पाण्याचा डबा कोमट पाणी आणि भांड्याच्या सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा, गॅलरीत कडक उन्हात नको. डब्यात पांढरं धरलं तर एक भाग व्हिनेगर, दहा भाग पाणी. डेटॉल, ब्लीच नाही. फिल्टर सहा महिन्यांनी बदला म्हणतात, पण शेजारी बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट चालू असेल तर दर महिन्याला काढून बघा, करडा दिसला की बदला. वीजबिलाची काळजी सासूबाईंना जास्त असते, तर ह्युमिडिफायरसकट रात्रीला साधारण अर्धा युनिट धरा.

आकडे बघायची सवय

सकाळी स्क्रीनवर तीन गोष्टी बघा, किती तास, लीक, आणि एएचआय. मशीनवरचा एएचआय ५ च्या आत हवा. एका रात्रीचा आकडा बघून घाबरू नका, आठवड्याचं बघा. एएचआय वाढलाय आणि लीकही वाढलाय तर मास्क बघा. लीक ठीक असूनही आकडा वर राहत असेल, किंवा त्यात घसा उघडा असूनही श्वास थांबल्याचे प्रकार जास्त दिसत असतील, तर डेटा घेऊन डॉक्टरकडे जा, काही लोकांना मशीन सुरू केल्यावर असं होतं आणि बऱ्याचदा काही आठवड्यांत निवळतं, पण ते ठरवायचं काम त्यांचं. स्वतः प्रेशर वाढवत बसू नका. आणि आकडे उत्तम असूनही दिवसा पेंग येतेच आहे तर झोपेचे तास, थायरॉइड, हिमोग्लोबिन, चालू गोळ्या हे तपासायला सांगा.

गणपतीला गावी जाताना

जाण्याआधी डबा पूर्ण रिकामा करून पुसा, पाणी आत राहिलं आणि पिशवी आडवी पडली तर मोटर गेलीच. विमानात मशीन केबिनमध्ये स्वतःजवळ ठेवा, डॉक्टरांचं पत्र सोबत, बॅगेच्या वजनाबद्दल एअरलाइनला आधी विचारा. ट्रेनच्या चार्जिंग पॉइंटवर भरवसा ठेवू नका, ते मोबाइलसाठी असतात आणि रात्री बंदही ठेवतात. ट्रेनमधली एक रात्र मशीनशिवाय गेली तर पाठीमागे पिशवी लावून कुशीवर झोपा, दारू टाळा, प्रवासात झोपेची गोळी तर अजिबात नको.

कोकणात भाद्रपदात लाइट जाणारच. इन्व्हर्टर असेल तर प्युअर साइन वेव्ह (घरच्या लाइटसारखा सुरळीत करंट देणारा) आहे का बघा. बॅटरी घेणार असाल तर मशीनच्या अ‍ॅडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघून, बरीच मशीनं २४ व्होल्टवर चालतात, साधी मोबाईलची पॉवर बँक चालत नाही. बॅटरीवर ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद ठेवली की तीच बॅटरी कितीतरी जास्त चालते, आणि त्या हवेत ओलाव्याची गरजही नसते.

मशीनखेरीज

वजन दहा टक्के उतरलं तर एएचआय साधारण पाव हिश्शाने उतरतो, म्हणजे फायदा खरा आहे, पण वजन उतरेपर्यंत मशीन लागतंच. टिर्झेपॅटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणा असलेल्या मध्यम ते तीव्र अ‍ॅप्नियासाठी मान्यता मिळाली, हे औषध आता भारतातही मिळतं, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच, जिममधल्या मित्राच्या सल्ल्याने नाही. सौम्य-मध्यम असेल आणि मशीन खरंच जमत नसेल तर खालचा जबडा पुढे धरणारं दातांचं उपकरण असतं, त्यासाठी यातलं काम करणारा डेंटिस्ट शोधा. पाच-सात किलो उतरलं, घोरणं थांबलं, म्हणून आपलं आपण मशीन बंद करायचं नाही, परत टेस्ट करून मग.

कुठलंही ऑपरेशन असेल, मोतीबिंदूचं का असेना, भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा की मला स्लीप अ‍ॅप्निया आहे आणि मी सीपॅप लावतो. अ‍ॅडमिट होताना मशीन, स्वतःचा मास्क आणि एक्स्टेंशन बोर्ड घेऊन जा, वॉर्डात कॉटजवळचा प्लग नेहमी दुसऱ्याच कुणाचा तरी असतो.